हलव्यासारखे दाणे: सोलापूरच्या एमआयडीसीत एक दिवस

संक्रांत होऊन तीन दिवस झाले होते आणि मी खोली न ठरवता सोलापुरात उतरलो. गड्ड्याची यात्रा भरात होती, होम मैदानावर पाळणे फिरत होते आणि स्टेशनजवळच्या चार लॉजवाल्यांनी नकारार्थी मान हलवली. संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याहून निघालं की पोचायला रात्र होते, आणि त्या वेळी बॅग घेऊन हिंडण्यात काही मजा नाही. जानेवारीत कामाला जायचं असेल तर खोली आधी सांगून ठेवा, नाहीतर गड्डा उरकू द्या.

आता काम काय होतं ते सांगतो. भोसरीजवळ आमचं धुण्याच्या पावडरीचं छोटं युनिट आहे. डाग जावेत म्हणून पावडरीत प्रोटीएज हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम घालतो. मागे एका पुरवठादाराकडून स्वस्तात माल उचलला. म्हणायला दाणेदार, पण पोत्याच्या तळाशी नुसती पिठी. मिक्सरवरचा आमचा पोरगा काही महिन्यांत संध्याकाळी खोकायला लागला. रविवारी बरा, सोमवारपासून पुन्हा तेच. आम्ही थंडीवर ढकललं. डॉक्टरांनी "सुट्टीत बरं वाटतं का?" एवढंच विचारलं आणि आमच्या डोक्यात प्रकाश पडला. तो आता डिलिव्हरीच्या गाडीवर असतो. एन्झाइम म्हणजे प्रथिन. शरीराने एकदा त्याच्याशी वैर धरलं, म्हणजे अ‍ॅलर्जी झाली, की नंतर चिमूटभर धूळही पुरते. म्हणून धूळ न होणारे एन्झाइमचे दाणे बनवणारा सोलापूरचा कारखाना पाहायला आलो होतो.

हे काही नवीन नाही. ब्रिटनमधल्या डिटर्जंट कारखान्यांतल्या कामगारांना असाच दमा जडल्याचं १९६९ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. त्यानंतर मोठ्या कंपन्या भुकटी सोडून लेप दिलेल्या दाण्यांकडे वळल्या. सबटिलिसिन जातीच्या प्रोटीएजसाठी अमेरिकेत सुचवलेली मर्यादा आहे घनमीटरभर हवेत ६० नॅनोग्रॅम, ब्रिटनमध्ये ४०. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. म्हणजे धूळ डोळ्यांना दिसेपर्यंत मर्यादा केव्हाच मागे पडलेली असते.

चिंचोली एमआयडीसी शहराबाहेर, पुण्याच्या रस्त्यावर आहे. रिक्षा करायची तर जाता-येता दोन्हीकडची ठरवा, परतीला तिथे रिक्षा मिळत नाही. कारखाना छोटा, मालक केमिकल शिकलेले, बोलणं पक्कं सोलापुरी. एन्झाइम ते बनवत नाहीत. गाळून दाट केलेला तपकिरी द्रव बाहेरून कॅनमधून येतो, थंड खोलीत राहतो. इथे त्याचे फक्त दाणे होतात.

जुनी पद्धत मिक्सरची. सोडियम सल्फेट, चिनी माती, थोडे सेल्युलोजचे तंतू आणि बांधायला डेक्स्ट्रिन; त्यावर द्रव सोडत पाती जोरात फिरवायची. माझा प्रश्न तंतूंवर अडला. मालक म्हणाले, "भिंतीच्या गिलाव्यात काथ्या घालतेत की, तसंच हाय ओ." तंतू दाण्याला आतून धरून ठेवतात, दाणा दाबला तर चेपतो, फुटून पीठ होत नाही.

दुसरी पद्धत मला जास्त पटली, कारण ती घरी पाहिली होती. माझी आजी संक्रांतीचा हलवा करायची. परातीत साबुदाणा, खाली मंद शेगडी, चमचा चमचा पाक आणि बोटं सतत फिरती. इथे परातीच्या जागी फ्ल्युइड बेड, म्हणजे खालून येणाऱ्या गरम हवेवर तरंगणारा मिठाच्या कणांचा थर. वरून एन्झाइमचा फवारा बसतो, वाळतो, पुन्हा बसतो. पाक जास्त झाला की हलव्याचे लाडू होतात, इथेही तेच. हवा फार गरम किंवा फवारा फार बारीक असेल तर उलट घडतं: थेंब दाण्यापर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि धूळ तयार होते. थराचं तापमान ते पन्नासच्या आत ठेवतात, नाहीतर एन्झाइमच मरतं.

मग सल्फेटचा एक थर, आणि शेवटी पीईजीचा, म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या पदार्थाचा लेप. लेपात टायटॅनियम डायऑक्साइड घातलं की तपकिरी दाणा पांढरा दिसतो, कारण गिऱ्हाइकाला पांढऱ्या पावडरीत काळं काही चालत नाही. व्हायब्रोवर, म्हणजे थरथरणाऱ्या चाळणीवर, चाळून साधारण ०.३ ते १.२ मिलिमीटरचा माल ठेवतात, बारीक चाळ पुन्हा मिक्सरला. इथे मी जरा थांबलो. चाळणीवरचं झाकण बंद, धूळ धरणारा बॅग फिल्टर चालू, सगळं ठीक; पण कोपऱ्यात झाडू उभा होता. विचारलं तर म्हणे तो अंगणासाठी. असेलही. पाहायला जाल तेव्हा मशीनआधी झाडू आणि हवेचा पाइप शोधा. सांडलेलं एन्झाइम झाडायचं नसतं, हवेने उडवायचं तर मुळीच नसतं. अतिबारीक धूळही अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या व्हॅक्युमने किंवा ओल्या फडक्याने उचलायचं.

खिशात चांगली टॉर्च ठेवा. दिवे बंद करायला सांगा, पोतं ओतताना आडवा झोत सोडा आणि झोताच्या समोरच्या बाजूने बघा. खिडकीतून आलेल्या उन्हात घरातली धूळ दिसते ना, तशी दिसेल. खरी चाचणी ह्यूबाक यंत्रावर होते. त्यात दाणे पोलादी गोळ्यांबरोबर फिरवतात आणि सुटलेली धूळ फिल्टरवर धरून मोजतात. रिपोर्ट मागताना त्या धुळीत सक्रिय एन्झाइम किती हेही विचारा. नुसतं धुळीचं वजन घेऊन उपयोग नाही. लेपाची धूळ आणि एन्झाइमची धूळ एक नव्हे. आणि नमुना तळातल्या पोत्याचा घ्या, वरचा सगळेच छान देतात.

दुपारी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या प्रोसेस हाऊसमध्ये गेलो. सुताला लावलेली खळ, म्हणजे स्टार्च, काढायला ते अमायलेज हे स्टार्च तोडणारं एन्झाइम वापरतात. खळ गेली का हे पाहायला आयोडीनचा थेंब टाकला. निळा डाग उठला, म्हणजे अजून बाकी. मास्तरांना दाण्यांबद्दल विचारलं तर हसले. "आमाला कशाला दाणे? आमचं पाण्यातलं काम, लिक्विड घेतो." बरोबरच आहे. ओल्या कामात द्रवच सोपा, फक्त तो फवारायचा नाही, त्याचा तुषारही छातीला तितकाच वाईट. दाण्याची गरज आमच्यासारख्या कोरड्या पावडरवाल्यांना. सोलापुरात गिऱ्हाईक टॉवेलवालेच असतील हा माझा अंदाज तिथेच चुकला. दाणे सगळे बाहेरगावी जातात.

माल घेतलाय, थोडाच. पोतं उघडणाऱ्याला एन-९५, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत, हे आमच्याकडे सुरू केलं.

परतताना शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेतलीच. कुटता कुटता तेल सुटल्यामुळे ही चटणी उडत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. नमुन्याच्या पुड्या मात्र दुहेरी पिशवीत, वर नाव लिहून, वेगळ्या कप्प्यात ठेवा. मी एकाच कप्प्यात ठेवल्या होत्या, आणि घरी येऊन अर्धा किलो चटणी टाकून द्यावी लागली.