पैसे आम्ही देतो, मग फोटो आधी पोराला का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. स्टुडिओच्या काउंटरवर हे बोलता येत नाही. मागे कुणीतरी पासपोर्ट फोटोसाठी ताटकळत असतं, तुमची गाडी रस्त्यात लावलेली असते, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तो पोरगा तिथंच मान खाली घालून उभा असतो. त्याच्या देखत त्याच्याबद्दल बोलणं मला नको असतं.

प्रश्न तोच असतो, शब्द बदलतात. "मॅडम, पैसे आम्ही देतो, मग फोटो आधी पोराला का दाखवता?" "त्याला काय कळतंय?" "सगळे द्या की, आम्ही निवडतो." दहापासून सोळापर्यंतच्या मुलांसाठी माझ्याकडे पद्धत अशी आहे. फोटो काढून झाले की मूल माझ्याशेजारी स्टुलावर बसतं. आम्ही दोघं स्क्रीनवर बघतो. त्याला जे नको ते मी त्याच्यासमोर पुसते. उरतील ते तुम्हाला. काहीच उरलं नाही तर पैसे घेत नाही. हे 2019 च्या दिवाळीपासून चालू आहे आणि यात माझं नुकसानच झालंय, तेव्हा धंद्याची युक्ती म्हणून तरी याकडे बघू नका.

एका हळदीच्या व्यापाऱ्यांनी मला सरळ सांगितलं, "मूल माझं आहे." बरोबर आहे. कायदाही तुमच्याच बाजूचा आहे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर संमती आईवडिलांची घ्यायची आहे. म्हणजे विचारायचं ते तुम्हालाच. मी विचारतेच. पण खुर्चीवर बसलेलं असतं ते दुसरंच कुणीतरी.

मी रोज चेहरे बघते, म्हणून एवढं सांगू शकते. मुलाचा चेहरा सगळा एकदम वाढत नाही. डोळे लहानपणीच बरेचसे वाढून झालेले असतात. नाक आणि खालचा जबडा वयात येताना लांबायला लागतात. बाराव्या-तेराव्या वर्षी डोळे कालच्या चेहऱ्यातले आणि नाक उद्याच्या, असं काही महिने चालतं. त्यात हातात फोन. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत पुढे असेल ते मोठं येतं, म्हणजे नाकच. मी 85 मिलिमीटरची, दुरून चेहरा जवळ दाखवणारी लेन्स लावून सात-आठ फूट मागे उभी राहते तेव्हा तेच नाक आपल्या मापात बसतं, पण पोरानं दिवसभर पाहिलेलं असतं फोनमधलं. शिवाय आरशात आपण उलटे दिसतो, फोटोत सुलटे. भांग दुसऱ्या बाजूला गेलेला आपलाच चेहरा त्याला परका वाटतो. आधार कार्डासाठी 5 व्या वर्षी फोटो आणि बोटांचे ठसे घेतात आणि 15 व्या वर्षी ते पुन्हा द्यावे लागतात. मधल्या दहा वर्षांत माणूस बदललाय, हे त्या खिडकीवर मान्य असतं. स्टुडिओत मात्र तुम्ही माझ्या पाठीमागून म्हणता, "नीट हस, असा काय बघतोयस?" आणि हळूच मला, "ते पुरळ काढाल ना? जरा उजळ करा." हळूच म्हटलेलंही त्याला ऐकू जातं. त्या वयात तर सगळंच ऐकू जातं.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई आम्हाला शिकवायला बसली. नाही. या माझ्या पद्धतीनं माणसं दुखावलीत. एका मुलानं सगळेच्या सगळे फोटो पुसायला लावले. त्याची आई बाहेरच्या बाकड्यावर बसून रडली. तो पुढच्या आठवड्यात बाहेरगावी शिकायला जाणार होता आणि तिला भिंतीवर लावायला एक फोटो हवा होता. मी नियमाला धरून राहिले. त्या बाईंचं रडणं चूक होतं असं मी आजही म्हणू शकत नाही.

मग नियम का? त्याचं उत्तर एका मुलीपाशी आहे. तिचं नाव लिहिणार नाही. कुणी ओळखलंच तर त्यांनीही घेऊ नये.

पहिल्या वाढदिवसापासून दर जानेवारीत तिची आई तिला घेऊन माझ्याकडे यायची. पहिल्या वर्षी ती हसेना म्हणून मी एक पिवळं रबरी बदक दाबून वाजवलं, आणि ती अंगभर हसली. तेव्हापासून बदक तिचंच झालं. दर वर्षी तीच लाकडी खुर्ची, तोच करडा पडदा. माझ्या डोक्यात एक खूळ होतं. रिनेके डाइकस्ट्रा म्हणून एक डच छायाचित्रकार आहेत. त्यांनी 1994 साली निर्वासितांच्या केंद्रात एका बोस्नियन मुलीचा फोटो काढला आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी काढत राहिल्या. दर वेळी मुलगी खुर्चीवर बसलेली. पहिल्या फोटोत तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत, शेवटी शेवटी तिच्या मांडीवर तिचं स्वतःचं मूल आहे. ते फोटो पाहिल्यावर मला रात्री झोप लागली नव्हती. वाटलं, हे तर आपल्याकडेही होतंय, सांगलीत, मारुती चौकाजवळच्या या खोलीत. ती अठराची होईपर्यंत काढायचे, मग सगळे शेजारी शेजारी लावायचे. तिच्या आईला हे ठाऊक होतं. मुलीला मी कधी विचारलं नाही. एक वर्षाच्या मुलीला काय विचारणार, आणि पुढे विचारायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणणंही खरं नाही. विचारलं तर ती नको म्हणेल अशी धास्ती होती.

2019 च्या जानेवारीत ती तेराची होऊन आली. पाय केव्हाच जमिनीला टेकले होते. हात कुठं ठेवायचे ते कळेना म्हणून मांड्यांखाली दाबून बसली. आई बाहेर फोनवर बोलत होती. ती हळूच म्हणाली, "काकू, दात नकोत." वरचा सुळा जागा न मिळाल्यानं दातावर चढला होता. सुळे साधारण त्याच वयात येतात आणि जागा नसली की असे वर चढतात. मी म्हटलं, "बरं." तोंड मिटलेले पाच-सहा काढले. चांगले होते. पण मला मागच्या बारा फोटोंतली मुलगी हवी होती. मी खाली वाकून खणातलं बदक काढलं आणि वाजवलं.

ती हसली. तिला आवरता आलं नाही. मान मागे गेली, डोळे बारीक झाले, सुळ्यासकट सगळे दात दिसले, आणि मी बटण दाबलं. पुढच्याच क्षणी तिनं तोंडावर हात घेतला.

छायाचित्रकार म्हणून सांगते, त्याहून चांगला फोटो मी काढलेला नाही. त्यात एक वर्षाची मुलगी आहे आणि पुढची बाईसुद्धा आहे. तिच्या आईला तो इतका आवडला की तिथंच स्टेटसला ठेवला. मी सोळा बाय वीसचा करून शोकेसमध्ये लावला, रस्त्याकडे तोंड करून. शाळेला जायचा रस्ता तोच.

महिन्याभरात ती एकटी आली. दप्तर पाठीवर. "काकू, तो फोटो तिथून काढता का?" मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि समजूत घालायला लागले. किती छान आलाय, मोठी झालीस की कळेल, वगैरे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मी माझी गोष्ट सांगितली.

ती तुम्हालाही सांगते. हा स्टुडिओ बाबांचा. मी चौदाची असताना त्यांनी माझा आणि आईचा एक फोटो काढला होता. मला तेव्हा तोंडभर पुरळ होतं आणि ओठांवर लव. फोटो घरात लागला, येणारे-जाणारे बघायला लागले. एका दुपारी मी बाबांचं प्रिंट कापायचं ब्लेड घेतलं आणि त्यातला माझा चेहरा गोल कापून काढला. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "असू दे, निगेटिव्ह आहे." 2005 च्या पुरात निगेटिव्हचे डबे पाण्यात गेले. फिल्मवरचं जिलेटिन पाण्यात फुगतं आणि फिल्म एकमेकींना चिकटतात. मी त्या सोडवायला गेले तर चित्रच सोलून हाताला आलं. आई तेव्हा नव्हती. आज माझ्याकडे तो प्रिंट आहे. त्यात आई आहे आणि तिच्या खांद्याशेजारी एक भोक आहे. त्या वयातला माझा दुसरा फोटो नाही. मी मुलीला म्हटलं, "बघ, मी आज किती पस्तावतेय. म्हणून तुझा जपतेय."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण तुमचा तुम्ही कापलात की."

मला उत्तर सुचलं नाही. तरीही मी फोटो शोकेसमधून काढला नाही. हे वाचून तुम्हाला माझा राग आला तर तो योग्य आहे. तेव्हाची मी मला आज समोर दिसते. ती म्हणते, तेरा वर्षांच्या मुलीच्या लाजेवर सगळं सोडलं तर जगात त्या वयाचा एकही खरा फोटो उरणार नाही, सगळे ओठ मिटून बसलेले. या बोलण्यात तथ्य नाही असं मला अजूनही म्हणता येत नाही. पण ती मुलगी त्यानंतर दुसऱ्या गल्लीनं शाळेला जायला लागली आणि मी ते दुकानातून पाहत होते. वर्गात तिला त्या फोटोवरून काय म्हणत होते ते मला फार उशिरा कळलं. तो शब्द इथं लिहिणार नाही.

ऑगस्टमध्ये कृष्णा चढायला लागली. 2005 ला पाणी आलं होतं त्या खुणेच्या वर सामान ठेवलं की झालं, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 45 फुटांना धोक्याची पातळी धरतात. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. शेवटच्या तासाभरात जे हाताला लागलं ते मी माळ्यावर टाकलं. कॅमेरे, हार्ड डिस्क, आणि शोकेस उघडून तो फोटो. बाबांची लाकडी खुर्ची खालीच राहिली. पडदे राहिले. माणसांची न नेलेली लग्नाची अल्बमं राहिली.

पाणी उतरल्यावर घोटा-घोटाभर चिखल. गल्लीतली माणसं खराटे घेऊन आली, त्यात ती आणि तिची आईपण. कुणीतरी वरचं सामान खाली द्यायला हवं होतं, पोरं चपळ म्हणून ती चढली. बराच वेळ काही आवाज आला नाही. मग वरून म्हणाली, "काकू, हा तेवढा राहिला होय."

मी म्हटलं, "तो तू घेऊन जा." ती फ्रेम घेऊन उतरली. काचेची बाजू छातीकडे होती. चिखलातून तशीच घरी गेली. तिनं पुढे त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही. त्या दिवाळीत स्टुडिओ पुन्हा सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा मी एक स्टूल आणलं आणि ते कॉम्प्युटरशेजारी ठेवलं.

एवढं सांगितल्यावर एक गोष्ट लपवणं बरं दिसणार नाही. फ्रेम दिली, पण फाईल हार्ड डिस्कवर होती. अजून आहे. मी तुमच्या मुलांसमोर त्यांचे नको असलेले फोटो पुसते आणि हा एक ठेवून बसलेय. पुसायला दोनदा बसले. दोन्ही वेळा आईच्या खांद्याशेजारचं ते भोक आठवलं. ती तिशीची होईल आणि येऊन म्हणेल, "काकू, तो होता ना?" असं मी स्वतःला सांगते. बाबांनीही मला हेच सांगितलं होतं, निगेटिव्ह आहे म्हणून. पण हे मी तिच्यासाठी म्हणतेय की माझ्या त्या मालिकेसाठी, याचा मला निवाडा करता येत नाही. शोकेसमध्ये मात्र आता दहा ते सोळा वयाचं कुणीच नाही, तुम्ही कितीही सांगितलंत तरी.

गेल्या वर्षी ती पासपोर्टच्या फोटोसाठी आली. दातांच्या तारा लावून काढूनही झालेल्या. तोंड मिटून, सरळ समोर बघून बसली, तसाच लागतो तो फोटो. मी काही न म्हणता ती येऊन स्टुलावर बसली. चार काढले होते, तिनं दुसऱ्यावर बोट ठेवलं. बाकीचे तीन तिच्यासमोर पुसले. त्याच कॉम्प्युटरला ती हार्ड डिस्क जोडलेली होती आणि तिच्या नावाचं फोल्डर त्यात. माउस माझ्या हातात होता. मी विचारलं, "कॉपी किती करू?"

"आठ," ती म्हणाली. मी प्रिंट काढले, कापले, पाकिटात घालून दिले. तिनं पाकीट उघडून मोजले. आठच होते.