धडगावची नोटीस

आज नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावात एका कार्यालयाच्या ओट्यावर तोरणमाळकडचे एक आजोबा भेटले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून चार घड्यांची नोटीस काढली. वनहक्काच्या, म्हणजे जंगलजमिनीवरच्या हक्काच्या दाव्याची. ‘उपरोक्त विषयान्वये त्रुटींची पूर्तता करावी.’ माझी घरची भाषा अहिराणी, शाळा मराठीत, तरी मला दोनदा वाचावं लागलं. आजोबांना फक्त पावरी येते, पावरा आदिवासींची भिली गटातली बोली! शेवटी झेरॉक्सवाल्या पोराने पावरीत सांगितलं, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब जोडायचेत. एवढंच. मुदत परवाच संपली होती.

२००६च्या वनहक्क कायद्याने हक्क दिला, पण तो आजोबांना कळेल अशा बोलीत कुणी सांगितलाच नाही. २०११च्या जनगणनेत भिली गटाच्या भाषा बोलणारे १ कोटीच्या वर आहेत. खिडकीशी पावरी बोलणारं एक माणूस बसवा ना. उद्या आजोबांसोबत मुदतवाढीचा अर्ज द्यायला परत जातोय.