सुई अचूक, पण जनुकाची जागा नशिबाची

ट्रान्सजेनिक, म्हणजे बाहेरचे जनुक घातलेल्या, प्राण्यांचा विषय निघाला की डिसेंबर १९८२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात गाजलेला तो थोराड उंदीर हटकून आठवतो. रिचर्ड पामिटर, राल्फ ब्रिन्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घुशीच्या जातकुळीतल्या रॅटचे वाढीच्या संप्रेरकाचे जनुक, यकृतात काम करणाऱ्या एका उंदराच्या जनुकाच्या नियंत्रक भागाला जोडून, उंदराच्या फलित बीजांडांत टोचले होते. जन्मलेल्या २१ पिल्लांपैकी ७ पिल्लांत ते जनुक सापडले आणि त्यांतली ६ आपल्या भावंडांपेक्षा लक्षणीय मोठी झाली. छायाचित्र गाजले ते त्या ६ पिल्लांमुळे. मला मात्र उरलेले सातवे अधिक बोलके वाटते.

टोचण्याचे काम विलक्षण नाजूक आहे. फलनानंतर काही तास शुक्राणूचे आणि बीजांडाचे केंद्रक एकमेकांत मिसळलेले नसतात, आणि त्यांतले शुक्राणूचे सहसा मोठे असते. बोथट काचनळीने हलकेच ओढून बीजांड जागच्या जागी धरायचे, दुसऱ्या बाजूने अतिसूक्ष्म सुई त्या मोठ्या केंद्रकात घालून जनुकाचे द्रावण सोडायचे आणि केंद्रक फुगलेले दिसताच सुई बाहेर काढायची. काही बीजांडे यातच दगावतात. वाचलेली बीजांडे नसबंदी केलेल्या नराशी जुगलेल्या मादीच्या बीजवाहिनीत सोडतात, कारण अशा मादीचे शरीर गर्भधारणेच्या तयारीत असते. (या नरांची प्रयोगशाळेतली नोकरी तेवढीच!)

इथपर्यंत सारे माणसाच्या हातात असते. पुढे टोचलेल्या जनुकाचे डीएनए कोणत्या गुणसूत्रात, कुठे शिरेल, हे सांगता येत नाही. बहुधा एकाच जागी त्याच्या अनेक प्रती रांगेने बसतात. जागा निष्क्रिय असेल तर जनुक मुके राहते, मूळचे एखादे जनुक तुटले तर भलताच दोष उद्भवतो, आणि पेशी विभागल्यानंतर जोडणी झाली तर ते काही पेशींतच उरते व पुढच्या पिढीत उतरेलच असे नाही. म्हणूनच अशा एकाच प्राण्यापासून वाढवलेल्या वंशावळीवर बेतलेला निष्कर्ष मी तरी सहजासहजी मान्य करणार नाही.

डुकरांत अडचण वेगळीच होती: बीजांड चरबीने इतके काळपट की केंद्रक दिसेचना, तेव्हा ते सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, फिरवून चरबी एका बाजूला सारावी लागली. अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल येथे वाढीच्या संप्रेरकाचे जनुक घातलेली डुकरे त्या उंदरांसारखी अवाढव्य झालीच नाहीत. त्यांच्या अंगावरची चरबी घटली खरी, पण सांधेदुखी आणि जठरातल्या व्रणांनी ती बेजार झाली.