म्हशीला पंख

परवा भाच्याच्या वाढदिवसाला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कॅफेत गेलो होतो, सोबत आमचे आबा. मेन्यू कार्ड हातात आलं की आबा ते उजवीकडून वाचायला घेतात, म्हणजे आधी किमती, पण ह्या वेळी डावीकडंच अडकले. बफेलो विंग्ज. चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि मला म्हणाले, "आरं, म्हशीला पंख कधी फुटलं?" आबांचा उभा जन्म म्हसरांत गेलाय, त्यामुळं ते चेष्टा करत नव्हते, खरंच विचारत होते.

भाच्यानं मोबाईल बघून सांगितलं की बफेलो हे अमेरिकेतलं न्यूयॉर्क राज्यातलं शहर आहे, तिथल्या एका बारमधे १९६४ साली कोंबडीचे पंख तळून तिखट सॉस आणि बटरमधे घोळवले, तीच ही डिश. "मग कोंबडीचं पंख म्हणा की सरळ," आबा म्हणाले. ऑर्डर यायला वेळ होता, मग मीही मोबाईल काढला आणि बसलो शोधत.

तर गंमत अशी की हा शब्द पहिल्यापासनंच चुकीच्या जनावराच्या गळ्यात पडत आलाय. ग्रीक लोक 'बुबालोस' म्हणायचे ते एका हरणासारख्या आफ्रिकन प्राण्याला, लॅटिनमधे त्याचं बुबालस झालं, मग बुफालस, आणि तो रानबैलाला न् पुढं म्हशीला चिकटला, तिथनं पोर्तुगीज वगैरे भाषांतनं इंग्रजीत बफेलो. मग गोरे लोक अमेरिकेत गेले, तिथं केसाळ, वशिंडवाला बायसन दिसला, त्यालाही बफेलोच म्हणून मोकळे. बायसन आणि म्हैस म्हणजे लांबचे पावणे, एका पंगतीला बसतील एवढंच. आबांना हे सगळं सांगितल्यावर त्यांचा निकाल एका वाक्यात, "म्हंजे एकानंबी नीट म्हैस बघितली न्हवती."

आणि अमेरिकन बोलीत बफेलो हे क्रियापदसुद्धा आहे, एखाद्याला दमात घेणं किंवा गोंधळवून टाकणं ह्या अर्थी. त्यामुळं इंग्रजीत बफेलो हा एकच शब्द ओळीनं आठ वेळा लिहिला तर ते व्याकरणात बसणारं वाक्य होतं. बफेलो गावच्या ज्या बायसनना बफेलो गावचे बायसन दमात घेतात, ते बफेलो गावच्या बायसनना दमात घेतात. भाच्याला हे तिसऱ्यांदा समजावताना मलाच बफेलो झाल्यासारखं वाटलं.

पण मला खरी मजा वाटली ती बफ ह्या पिल्लाची. फ्रेंचमधे म्हशीला बफल, त्यातनं इंग्रजीत बफ, म्हणजे आधी म्हशीचं कातडं, मग त्या कातड्याचा पिवळसर रंग. आपल्या चप्पल लाईनीत कोऱ्या कोल्हापुरीचा जो फिक्का रंग असतो ना, त्याच्या जवळपासचा. न्यूयॉर्कमधे पूर्वी आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचे कोट ह्या रंगाचे असायचे म्हणून आग बघायला धावणाऱ्या हौशी लोकांना बफ म्हणायला लागले, आणि आपण स्वतःला फिल्म बफ म्हणवून घेतो ते तिथनं आलंय. कातड्यानं घासून चकाकी आणायची म्हणून पॉलिशलाही बफ. उद्यमनगरात कारागीर पोराला ओरडतो, "जॉबला बफ मारून घे रं," तेव्हा दोघांच्याही मनात म्हैस नसते. जिममधल्या पोरांच्या पिळदार बॉडीलाही हल्ली बफ म्हणतात, आणि इथं तालमीतली बॉडी म्हशीच्याच दुधावर होते, त्यामुळं कोल्हापुरात तरी हा शब्द घरी परत आला म्हणायला हरकत नाही. (व्हिडिओ अडकतो ते बफरिंग मात्र ह्या घराण्यातलं नाही, त्याचा दोष म्हशीवर नको.)

आपल्याकडं म्हैस म्हणजे म्हैसच, तिच्या नावात गोंधळ नाही. संस्कृतात तर महिषी म्हणजे म्हैस आणि महिषी म्हणजे पट्टराणीसुद्धा, आणि यात मला काही चूक दिसत नाही. दिवाळीत पाडवा-भाऊबीजेला इथं गवळी लोक म्हशी नटवून बाहेर काढतात, शिंगं रंगवलेली, मोरपिसं, गळ्यात कवड्या, पुढं मालकाची मोटरसायकल आणि मागनं त्याच्या हाकेवर पळणारी म्हैस, बघून कुणालाही वाटेल राणीच निघालीय. पंढरपुरी असली तर तलवारीसारखी लांब शिंगं पार खांद्याच्या मागं गेलेली.

एवढ्यात प्लेट आली. आबांनी एक पंख उचलला, वास घेतला, वेटरला विचारलं, "लोणी कशाचं हाय ह्यात? म्हशीचं काय गायीचं?" पोरगं गडबडलं, आत जाऊन आलं आणि म्हणालं, "आजोबा, पाकिटातलं हाय."

आबांनी पंख परत प्लेटमधे ठेवला आणि प्लेट भाच्याकडं सरकवली. येताना गाडी गंगावेशीकडनं घ्यायला लावली. कट्ट्यावर म्हैस उभीच होती, गवळ्यानं समोर धार काढून फेसाळता गिलास दिला, तो आबांनी उभ्या उभ्या संपवला, आणि मिशीचा फेस पुसत भाच्याला म्हणाले, "घे, हे बफेलो."