काळ्या पडद्यासमोरची दुपार
आज प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना युनिक्स या संगणक प्रणालीची कमांड लाइन, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवण्याची पद्धत, शिकवताना, आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत हे ‘पीडब्ल्यूडी’ सांगते असे म्हणताच वर्गात हशा पिकला. त्यांच्या लेखी ते रस्ते बांधणारे खाते होते.

खरी गंमत पाइपमध्ये, म्हणजे दोन आज्ञांमधल्या उभ्या रेघेत (|), आली. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनी १९७३ साली बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत युनिक्सला जोडलेली ही सोय एका आज्ञेचे उत्तर थेट दुसरीच्या हाती देते. हजेरीच्या यादीतली दुबार नावे ‘युनिक’ने जाईनात, तेव्हा एका मुलीने बराच वेळ यादी न्याहाळून ओळखले, की ही आज्ञा फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी गाळते, आधी ‘सॉर्ट’ने नावे क्रमाने लावून मग उभी रेघ देऊन ती ‘युनिक’कडे सोपवताच यादी स्वच्छ झाली.

फाइल पुसून टाकणारे ‘आरएम’ मात्र मी मुद्दाम उद्यावर ठेवले आहे, कारण तिथे कचरापेटी नसते.