बरोबर चार मात्रांची शांतता: तालवाद्यवृंदासाठी लिहितानाचा माझा अनुभव

मध्यम पातळीच्या आठ तालवादकांसाठी एक हलकीफुलकी रचना लिहायला घेतली, तेव्हा चालीच्या आधी वाद्यं ठरवली. झायलोफोन (लाकडी पट्ट्यांचा), ग्लोकेनश्पील (धातूच्या पट्ट्यांचं), एकाच मरिंबावर (लाकडी पट्ट्यांचंच, पण मोठं आणि खालच्या स्वरांचं वाद्य) दोघं, टिंपनी (स्वरात लावलेले मोठे नगारे), स्नेअर ड्रम, सातव्याकडे बेस ड्रम आणि टांगलेली झांज, आणि आठव्यासमोर एक टेबल: वुडब्लॉक (लाकडी ठोकळा), ट्रँगल, काउबेल, रॅचेट (फिरवलं की करकरणारं), स्लाइड व्हिसल (दांडा सरकवून स्वर वरखाली करायची शिट्टी).

मुख्य चाल झायलोफोनला दिली. त्याचा कोरडा, खणखणीत आवाज मुळातच खोडकर आहे. फ्रेंच संगीतकार सँ-साँसनं 1874च्या ‘दाँस माकाब्र’मध्ये सांगाड्यांच्या हाडांसाठी तो वापरला आणि 1886मध्ये ‘कार्निव्हल ऑफ द ॲनिमल्स’मधल्या ‘जीवाश्म’ या भागात स्वतःच्याच त्या चालीची थट्टा केली. लिहिताना भान ठेवायचं ते सप्तकाचं. झायलोफोन कागदावरच्या स्वरापेक्षा एक सप्तक वर बोलतो, ग्लोकेनश्पील दोन सप्तकं. दोघांना एकच ओळ दिली, तर ग्लोकेनश्पील सगळ्यांच्या डोक्यावरून किणकिणत राहतं. म्हणून त्याला मी चालीचा फक्त शेवटचा स्वर दिला, दर वेळी अर्धी मात्रा उशिरा. एवढ्यावरही ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू येतं.

टेबलावरच्या वाद्यांबाबत मात्र मी कंजूस राहिलो. स्लाइड व्हिसल पहिल्यांदा वाजते तेव्हा मजा येते, चौथ्यांदा वाजली की कंटाळा. अमेरिकी संगीतकार लेरॉय अँडरसनच्या 1950मधल्या ‘द टाइपरायटर’मध्ये टाइपरायटर हेच वाद्य आहे. तिथली गंमत नुसत्या वस्तूत नाही, ती घंटी ठरल्या जागी पडते त्यात आहे. माझ्या रचनेत रॅचेट एकदाच फिरतं आणि ते माझ्या मते पुरेसं आहे.

मध्यम पातळी म्हणजे काय, याचा विचार मी बराच केला. या वादकांचे हात तयार असतात, दोन मॅलेटनी (पट्ट्यांवर मारायच्या गोळेदार काठ्या) ते चाल सफाईनं वाजवतात. चार मॅलेट सगळ्यांना जमत नाहीत, म्हणून मरिंबाचं काम दोघांत वाटलं. एकाकडे खालचे स्वर, दुसऱ्याकडे उलट्या मात्रांवरचे ठोके. मधल्या भागात अधूनमधून सात-आठचा एक बार (मात्रांचा एक गट) टाकला, म्हणजे सात अर्ध्या मात्रांचा, दोन-दोन-तीन असा मोजायचा. चार-चारमध्ये, म्हणजे बारला चार मात्रा अशी, मजेत चाललेली चाल तिथे अचानक अर्धी मात्रा गिळते. पहिल्या तालमीत सगळ्यांनी तो बार नुसता बोलून घेतला, मग मांडीवर टाळी देऊन, आणि हातात मॅलेट सगळ्यात शेवटी. तोंडात बसलेली लय हातात पटकन उतरते.

खरी मेहनत झाली ती एका रिकाम्या बारवर. चाल चढत चढत जोरात येते, सगळे एक ठोका एकत्र देतात आणि पुढच्या चार मात्रा कोणीच काही वाजवत नाही. मग एकटा वुडब्लॉक: टक. लय मिनिटाला 132 मात्रांची, म्हणजे ही शांतता जेमतेम 1.8 सेकंदांची. कागदावर तिथे नुसती थांबण्याची खूण दिसते. प्रत्यक्षात तालवाद्यांच्या घोळक्यात शांतता आपोआप होत नाही, ती हातानं करावी लागते.

झांज घुमत राहते. टिंपनीचं कातडं गुणगुणत राहतं. ग्लोकेनश्पीलच्या पट्ट्या तर विसरायलाच तयार नसतात. एवढं सगळं मागे रेंगाळत असताना वुडब्लॉकची टक पडली, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून तो एक ठोका आम्ही अगदी सावकाश, एकेकाचा हात बघत बसवला. बेस ड्रमवाल्याचा उजवा हात ठोका देतो आणि लगेच तोच तळवा कातड्यावर येतो, गुडघा मागच्या कातड्याला टेकतो, त्याच क्षणी डावा हात झांजेची कड चिमटीत धरतो. टिंपनीवर तीन बोटं सपाट ठेवून दाब द्यायचा, तळहात आपटायचा नाही, नाहीतर त्याचाच आवाज होतो. ग्लोकेनश्पीलला त्या ठोक्यावर मी एकच स्वर ठेवला, म्हणजे मोकळ्या हाताच्या बोटानं तो पट्कन दाबता येतो. मरिंबावाल्यांना मॅलेट पट्टीवरून न उचलता तिथेच दाबून ठेवायला सांगितलं. त्यानं ‘थप्’ असा बंद आवाज येतो आणि वेगळं काही दाबावं लागत नाही.

मग प्रश्न उरला मोजण्याचा. शांतता सगळ्यांना लांब वाटते आणि वुडब्लॉक घाईनं आत शिरतो. पाय आपटून मोजायला मी मनाई केली होती, कारण ती थपथप प्रेक्षकांना ऐकू येते. त्याऐवजी सगळ्यांनी बुटाच्या आत अंगठा हलवत अर्ध्या मात्रा मोजायच्या आणि नजर वुडब्लॉकवाल्याकडे ठेवायची. नजरेनं आणखी एक गोष्ट साधली. सात जण अत्यंत गंभीर चेहऱ्यानं एकाकडे बघतायत हे प्रेक्षकांना दिसतं, आणि काहीतरी येणार हे त्यांना आधीच कळतं. चेहऱ्यावर विनोदी हावभाव आणायचे नाहीत, हा माझा आग्रह होता. वाजवणारा हसायला लागला की ऐकणाऱ्याला हसायला जागा उरत नाही.

हलकेपणाबद्दलही हेच. हलकं वाजवायचं म्हटलं की वादक मनगट सैल सोडतात आणि लय पसरते. आम्ही मॅलेटची उंची ठरवून घेतली: हळू आवाजाच्या भागात पट्टीपासून दोन-तीन बोटं, त्याहून वर नाही. ठोका तेवढाच नेमका, फक्त अंतर कमी. आठव्या वादकाच्या टेबलावर जाड टॉवेल अंथरला, म्हणजे ट्रँगलचा दांडा ठेवताना खडखड नाही. वाद्य बदलायला त्याला प्रत्येक ठिकाणी निदान दोन बार मोकळे ठेवले होते, ते उपयोगी पडले.

कार्यक्रमात वुडब्लॉक पडला आणि सभागृह हसलं. इतकं, की पुढची चाल सुरू झाली तेव्हा झायलोफोनचे पहिले दोन बार हशात बुडाले. वादक थांबले नाहीत, मला त्यांचा फार अभिमान वाटला. आता नव्या प्रतीत त्या टकनंतर मरिंबाचा ठेका दोन बार जास्त लिहिला आहे, हसणाऱ्यांसाठी वेळ म्हणून. कोणी कोणत्या हातानं काय दाबायचं, हेही प्रत्येकाच्या कागदावर त्या ठोक्याखाली लिहून ठेवलं आहे.