आमची वाटचाल: कवटी, कप्तान आणि चौदा फर्मे

आमच्या प्रकाशनात दोनच माणसं आहेत. मी विनोदी साहसकथा लिहितो आणि धाकटी बहीण उरलेलं सगळं करते. उरलेलं म्हणजे प्रुफं, हिशेब, पार्सलं आणि माझ्या विनोदांवर न हसणं. यातलं शेवटचं काम सगळ्यात मोलाचं. ती ज्या वाक्यावर हसत नाही ते मी तीन दिवस छातीशी धरून बसतो आणि चौथ्या दिवशी गुपचूप कापतो.

हेवी मेटल मी शाळेत असल्यापासून ऐकतो. बहिणीच्या मते हे संगीत म्हणजे भांड्यांच्या मांडणीवरून मांजर पडल्याचा आवाज, फक्त मांजर पडतच राहतं. तिच्याशी या विषयावर वाद घालणं मी केव्हाच सोडून दिलं. पण आमचा हा छोटा उद्योग उभा आहे तो त्या मांजराच्याच जिवावर.

आयर्न मेडन या इंग्लिश मेटल बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन विमान चालवतो, तलवारबाजी करतो, हे मला ठाऊक होतं. त्यानं १९९० आणि १९९२ साली दोन विनोदी कादंबऱ्याही लिहिल्यात, हे मात्र फार उशिरा कळलं. ज्याच्या आवाजावर मी अर्धं आयुष्य मान हलवत काढलं, त्या माणसालाही पोरकट साहसकथा लिहाव्याशा वाटतात! मला कुणीतरी लेखी परवानगी दिल्यासारखं झालं. त्याच आठवड्यात वही घेतली आणि एका भित्र्या जहाज-कप्तानाची गोष्ट लिहायला बसलो.

पहिला खर्डा भयंकर होता. कप्तान पानापानावर कोट्या करायचा. समुद्रराक्षसानं त्याला शेपटीत आवळलंय आणि हा पठ्ठ्या शाब्दिक फुलबाज्या उडवतोय. बहिणीनं समासात पेन्सिलनं लिहिलं, "दादा, हा मरायला टेकलाय ना? मग याला एवढं सुचतंय कसं?"

त्या एका ओळीनं मला दोनशे पानं पुन्हा लिहायला लावली. आणि गंमत म्हणजे उत्तर माझ्या कानात कधीपासून वाजत होतं. मेटलवाले ड्रॅगन, सैतान, जगबुडी यांच्याबद्दल गातात, अंगात घट्ट चामडं, मनगटावर खिळे, आणि चेहरा असा की उद्या खरंच जग बुडणार आहे. गायकानं मध्येच प्रेक्षकांना डोळा मारला की खेळ खलास. विनोदी साहसकथेचंही तसंच आहे. वाचकानं हसायचं असेल तर कप्तानाला मनापासून भीती वाटली पाहिजे. आपण किती हास्यास्पद दिसतोय याचा त्याला पत्ताच नसावा.

रिफचंही तेच, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या गिटारच्या छोट्या तुकड्याचं. एकच रिफ चार वेळा वाजतो, मग ड्रमर वेग निम्म्यावर आणतो आणि तोच रिफ डोंगराएवढा होतो. आमच्या कप्तानाचा एक बूट पहिल्याच प्रकरणात समुद्रात पडतो. त्यानंतर जो भेटेल तो आधी विचारतो, "दुसरा बूट कुठंय?" चाच्यांचा म्होरक्या विचारतो, राणी विचारते, फाशी देणारा माणूसही विचारतो. शेवटी राक्षसाचं पोट फाडल्यावर तो बूट बाहेर येतो, आणि कप्तान रडतो. तिथं मी एकही विनोद ठेवला नाही. वाचकांची सर्वाधिक पत्रं त्याच पानाबद्दल येतात.

प्रकाशकांकडून पुस्तक साभार परत आलं. एका ठिकाणी तोंडी सल्ला मिळाला, "विनोदी की साहसी, ते आधी ठरवा." ठरवायचं कशाला, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मग पुन्हा मेटलच कामाला आलं. १९७९ साली आयर्न मेडननं स्वतःच्या खर्चानं एक छोटी रेकॉर्ड काढली, ५,००० प्रती, आणि ती टपालानं विकली. पुढच्या वर्षी डायमंड हेड या बँडला कोणतीही रेकॉर्ड कंपनी मिळाली नाही, तेव्हा त्यांनीही आपल्या रेकॉर्डच्या १,००० प्रती काढल्या, चक्क कोऱ्या पांढऱ्या कव्हरात. ती गाणी ऐकून वेडा झालेला लार्स उलरिक नावाचा एक पोरगा १९८१ साली थेट इंग्लंड गाठून त्यांच्याकडे राहायला गेला. त्याच वर्षी त्यानं मेटॅलिका हा पुढे जगभर गाजलेला बँड सुरू केला. कोऱ्या कव्हराच्या रेकॉर्डची जर ही पोच, तर आपण कशाला कुणाच्या होकाराची वाट बघायची, असं मी बहिणीला म्हटलं. ती म्हणाली, "ठीक आहे, पण कव्हर कोरं नको."

छापखान्यात गेल्यावर कळलं की पुस्तक लेखकाच्या मनाप्रमाणे संपत नाही, फर्म्याच्या हिशेबानं संपतं. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं, आमचा एक फर्मा १६ पानांचा. माझं पुस्तक २२७ पानांचं झालं होतं. चौदा फर्मे म्हणजे २२४. पंधरावा फर्मा घेतला तर शेवटी तेरा कोरी पानं फडफडणार. तीन पानं कापायची ठरली. मला अत्यंत प्रिय असलेलं वादळाचं वर्णन गेलं. आजवर एकाही वाचकाला त्याची उणीव भासलेली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

कण्याची, म्हणजे कपाटात उभ्या पुस्तकाची जी बाजू दिसते तिची, फजिती त्याहून मोठी. २२४ पानं म्हणजे ११२ कागद. एक कागद साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे कणा ११ मिलिमीटर धरून मुखपृष्ठ बनवलं. ऐन वेळी मी "जरा जाड कागद घ्या, पुस्तक भरदार दिसेल" असं सांगून आलो आणि मुखपृष्ठ बदलायचं विसरलो. पहिला खोका उघडला तेव्हा कणा १४ मिलिमीटरचा होता. पुस्तकाचं नाव एका कडेला घसरलेलं, आणि पुढच्या चित्रातल्या राक्षसाच्या शेपटीचं टोक कण्यावर आलेलं. मी मटकन खाली बसलो. बहिणीनं पुस्तक कपाटात उभं करून पाहिलं आणि म्हणाली, "शेपटी छान दिसतेय की." पुढच्या सगळ्या पुस्तकांत आम्ही ती मुद्दाम कण्यावर आणतो.

आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचा, घोळ मात्र निव्वळ माझा. तेरा आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या बारा आकड्यांवरून गणितानं निघतो, त्यामुळे शेजारशेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर बहुतेक वेळा गणित जुळत नाही. मागच्या कव्हरावरच्या बारकोड पट्टीवर क्रमांक बरोबर होता, आतल्या पानावर मी दोन आकड्यांची अदलाबदल केली होती. पाचशे प्रती, पाचशे चिकटपट्ट्या, दोन रात्री. त्या दोन रात्री गाणी बहिणीच्या आवडीची लागली, हा दंड.

मुखपृष्ठावर मला मेटल बँडांसारखं काटेरी अक्षर हवं होतं, ज्यात नाव वाचायला मान वाकडी करावी लागते. वर एक कवटी. बँडाला हे शोभतं, कारण त्यांचे चाहते वाचत नाहीत, ओळखतात. आम्हाला कोण ओळखणार? दुकानदारांनी पुस्तक भयकथांत ठेवलं. एका वाचकानं पत्र लिहिलं, "रात्री दिवे मालवून वाचायला घेतलं. एकदाही घाबरलो नाही, उलट हसून ठसका लागला. फसवणूक आहे." हे आमचं पहिलं परीक्षण. दुसऱ्या आवृत्तीत अक्षर सरळ केलं. मोबाइलच्या पडद्यावर नखाएवढ्या चित्रातही नाव वाचता आलं पाहिजे, हा नियम आता बहीण पाळते. कवटी मी सोडली नाही, तिच्या डोक्यावर फक्त कप्तानाची टोपी आली.

विक्री कुठं झाली म्हणाल तर मेटलच्या कार्यक्रमांत, टी-शर्टांच्या टेबलाशेजारी. आवाजात बोललेलं काही ऐकू येत नाही, म्हणून बहिणीनं पुठ्ठ्यावर ठळक लिहिलं, "हसवणारी कादंबरी. कवटी निरुपद्रवी आहे." काळे शर्ट घातलेले आडदांड लोक पुठ्ठा वाचून लाजल्यासारखे हसायचे आणि दोन-दोन प्रती न्यायचे. त्यांचे पत्ते तिनं वहीत लिहून घेतले. पुढच्या पुस्तकाची पहिली दीडशे पार्सलं त्याच वहीतून गेली.

पैशांचं खरं सांगायचं तर पहिल्या पुस्तकाचा खर्च दुसरं पुस्तक आल्यावर निघाला. नवीन भाग घेणारा माणूस मागचा भागही मागतो. म्हणून मालिका लिहायची, आणि जुना भाग कधी संपू द्यायचा नाही. आता एकदम पाचशे छापून पलंगाखाली रचत नाही, मागणीप्रमाणे थोड्या थोड्या प्रती काढतो. नोकरी मी सोडलेली नाही. बहीण सोडू देत नाही.

सध्या पाचव्या पुस्तकाची प्रुफं तिच्याकडे आहेत. काल रात्री शेजारच्या खोलीतून ती मोठ्यानं हसल्याचं ऐकू आलं. मी धावत गेलो, कुठलं पान म्हणून विचारलं. ती म्हणाली, "चूक आहे दादा. 'कप्तानानं तलवार उपसली'च्या जागी 'उसवली' पडलंय." ठेवायचं की दुरुस्त करायचं, यावर सकाळपासून बोलणी चालू आहेत.